काळ्या धारंखालची भाऊबीज

जन्म कुठला म्हणून इचारता व्हय. आता काय सांगू तुमाला, कागदावर निमोणं लिवलंय, पण जन्म पाबळच्या शिवारातला, एका शेतकऱ्याच्या मोकळ्या रानात आमची मेंढरं बसवली व्हती तिथला. आई सांगायची, सांजंला मेंढरांभोवती जाळी लावत व्हते, जाळी लावता लावताच कळा सुरू झाल्या, आन् दुसऱ्या दिशी वाडा पुढं निघाला तवा तू घोड्यावर, घोंगडीत बांधलेली. तवा पहिला परवास घोड्यावर झालाय माझा, आन् आता तुमी इचारताय म्हातारे जीपगाडीत भ्या वाटत न्हाई का. मला कशाचं भ्या वाटतंय.

आमी मेंढरं राखणारी माणसं. निमोण्याला घर व्हतं, थोडी जमीन व्हती, पण घर पावसाळ्यापुरतं. दसरा झाला की निघायचं, घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या, कोकरं आन् ल्हान पोरं, आन् पाबळ, खेड करत करत घाट उतरून कोकणात जायचं. तिथल्या भाताच्या खाचरात मेंढरं बसवायची, त्यांच्या लेंड्याचं खत व्हायचं, शेतकरी भात द्यायचा, आन् पाऊस यायच्या आत माघारी. कोकणातला पाऊस मेंढराला सोसत न्हाई, खुरं कुजत्यात. म्हंजी वरसाला घाट दोनदा, जाताना कार्तिकात आन् येताना वैशाखात. आन् चार-सहा बिऱ्हाडं मिळून असं चालत्यात त्याला आमच्यात वाडा म्हणत्यात, तुमचा दगडामातीचा वाडा न्हवं.

तर घाटाच्या तोंडाशी एक कडा हाय, आन् त्या कड्यावर वरनं खालपतोर एक काळी रेघ. आमी तिला काळी धार म्हणायचो. कार्तिकात तिच्यावरनं करंगळीएवढं पाणी यायचं, वैशाखात तेबी न्हाई, नुसती रेघ. खाली एक चपटा धोंडा, आख्खा वाडा जेवायला बसंल येवढा. तिथं आमचा निमोण्याचा वाडा आन् भीमा वलांडून येणारा केडगावकडचा वाडा ह्यांची गाठ पडायची, आन् दोनी वाड्यांत एकमेकांच्या पोरी दिलेल्या. आता दिवाळी तर आमाला नेहमी वाटंवर, मंग भाऊबीज कवा करायची. तर ज्या दिशी दोनी वाडे त्या धोंड्यापाशी मिळत्याल तो दिवस भाऊबीज. तिथी कोण बघतंय. माझी आत्या केडगावकडं दिलेली, तिच्या वाड्याला एकदा उशीर झाला तर माझा बाप तिथं थांबून राहिला, मेंढरं उपाशी वरडाय लागली, बाकीची माणसं म्हणली चल आता, तर म्हणला कपाळाला कुंकू लागल्याबिगर घाट उतरत न्हाई. मी ल्हान व्हते पण ते मला ध्यानात हाय. भाऊ म्हंजी असा, हे माझ्या डोक्यात तवापासनं पक्कं बसलं.

आई लवकर गेली, आन् माझा धाकटा भाऊ म्हाळू माझ्या पाठीवर वाढला. घाट चढताना ह्यो पाठीवर, आन् केस वढायचा माझं, लगाम वढावा तसं. म्हणून त्याला मी अजून दम देते, आजा झाला तरी. माझं लगीनबी त्याच धोंड्यावर ठरलं, केडगावच्या वाड्यातल्या पोराशी. लग्नात म्हाळूनं मला एक मेंढी आंदण दिली, तांबड्या तोंडाची. आमच्यात अशी रीत, भावानं दिलेली मेंढी बहिणीची, आन् तिचा समदा वंश बहिणीचा, कळप नवऱ्याचा का असंना. माझ्या तांबडीचा वंश लई वाढला. घाटात गाठ पडली की म्हाळू माझ्या आधी मेंढरांत शिरायचा, तांबडी तोंडं हुडकायचा, कोकरू उचलून हुंगायचा, आन् मंग माझ्याकडं यायचा. मी म्हणायची, मूडद्या, बहीण हिकडं उभी हाय. तर म्हणायचा, हीबी माहेरचीच हायेत अक्का.

मंग दिवस बदललं. जिकडं तिकडं ऊस झाला, रानं भिजायला लागली, मेंढरं बसवा म्हणणारा शेतकरी हाकलाय लागला. आमची रेखा साळंत जायच्या वयाची झाली. आमचं मालक म्हणलं बास आता. मी नणंदंच्या बाळंतपणाला गेले व्हते, माघारी आले तर दारापुढं मोकळी जाळी. समदा कळप इकला, खाटकाला, आन् कुरकुंभच्या एमआयडीसीत एका कंपनीत वॉचमन म्हणून लागलंबी. खाकी कपडे, शिट्टी, ड्युटी. खरं सांगू का, मेंढरं इकली ह्याचं मला काय वाटलं न्हाई, माझे गुडघे चालून चालून भरले व्हते, आन् पोरगी शिकंल हे मलाबी पाहिजे व्हतं. पण माझी तांबडी तोंडं मला न इचारता गेली, ते मातर मला झोंबलं. आठवडाभर मालकाला भाकर दिली, शब्द दिला न्हाई.

आन् मंग म्हाळू आला. त्याला कुणीतरी वाटंत सांगितलं असणार, तो घरात आला तोच तापून. म्हणला, दाजी, तुमची मेंढरं तुमी इका न्हाईतर नदीत सोडा, मी इचारणारा कोण, पण माझ्या बहिणीचं माहेर तुमी खाटकाला दिलं. मालकबी काय कमी न्हाई, ते म्हणलं, माझ्या दारात येऊन मला शिकवतोस व्हय, तुला कोण बोलावलं व्हतं. झालं. म्हाळू उठला, उंबऱ्याच्या बाहीर गेला, आन् म्हणला, ह्यो उंबरा परत वलांडीन तर बिरोबाची आण हाय मला. मालक म्हणलं, मंग मीबी तुझ्या दारात येत न्हाई जा. मी मधी चहाची कपबशी घिऊन उभी. चहा कुणीच घेतला न्हाई, शेवटी मीच प्याले.

काय हाय, दोन एडक्यांची टक्कर लागली की मधी जाऊ नये, माझा बाप सांगायचा, बाजूनं पाणी मारावं. पण पाणी मारायचं कुठनं ते मला बरीच वरसं समजलंच न्हाई. केडगाव ते निमोणं काय लांब हाय का, न्हावऱ्याला एसटी बदलली की आलं. पण तो हिकडं यायचा न्हाई आन् मी एकटी गेले तर मला म्हणायचा, अक्का, तू ये, पण दाजी आलं न्हाईत म्हंजी ते मला मानत न्हाईत. आन् भाऊ आला न्हाई म्हणून मी भाऊबिजेला चंद्राला ओवाळायची. जिला भाऊ न्हाई तिनं चंद्राला ओवाळावं, मला भाऊ असून. शेजारणी बघायच्या. मी म्हणायची, बघताय काय, चंद्र काय तुमच्या एकट्यांचा हाय का. पण आत लई दुखायचं ताई, ते काय खोटं बोलू.

एकदा स्टेशनावर भाजी घेताना बाया बोलत व्हत्या की श्रावणात भीमाशंकराला जीपगाडी चाललीय, आन् जाताना वाटंत धबधबा दावणार, तिथं आता पार्क केलाय, रेलिंग लावलंय, पायऱ्या, तिकीट, पुण्याची लोकं गाड्या भरून येत्यात. मी खोदून खोदून इचारलं, कुठला घाट, कुठला कडा, आन् माझ्या ध्यानात आलं, आगं बया, ही तर आमची काळी धार. मला हसू आवरंना. म्हणलं ती करंगळीएवढी धार बघायला लोकं तिकीट काढत्यात, आमी तर तिथं घोडी पाजायचो. आन् हसता हसता डोक्यात उजेड पडला. आण कशाची, तर उंबऱ्याची. घाटाला उंबरा हाय का. घाट मालकाचाबी न्हाई आन् म्हाळूचाबी न्हाई.

न्हावऱ्याच्या एका पाव्हण्याबरोबर निरोप धाडला, श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी काळ्या धारंखाली चपट्या धोंड्यावर ये, ओवाळायचंय. श्रावणच का, तर पावसाळ्यात म्हाळूची मेंढरं निमोण्याला असायची, दुसऱ्याच्या हवाली करून येता येत व्हतं. त्यानं उलटा निरोप दिला, येतो, पण दाजींशी बोलणार न्हाई. मालक म्हणलं, येतो, सुट्टी टाकतो, पण तुझ्या भावाशी बोलणार न्हाई. मी म्हणलं, कोण बोला म्हणतंय, मुक्यानं ओवाळून घ्या.

आता चूक कुठं झाली बघा. आमी जलमभर घाटानं गेलो, तिथला दगड न् दगड ठावा, पण कवा, कार्तिकात न्हाईतर वैशाखात. पावसात ती जागा आमच्यातल्या कुणीच बघितली न्हवती, माझ्या बापानं न्हाई, आज्यानं न्हाई. पाऊस आला की आमी खाली कोरड्या रानात. तवा धोंड्यावर ये म्हणताना माझ्या मनात इचारसुदिक आला न्हाई की धोंड्याचं काय झालं आसंल.

जीपनं गेटापाशी सोडलं. तिकीट काढून पायऱ्या उतराय लागलो तर धुकं, पाऊस, आन् आवाज येवढा की रेखा कानाशी तोंड लावून बोलती तरी ऐकू येईना. पुण्याची पोरं भिजून नाचत व्हती, बाया कणसं भाजत व्हत्या. खाली गेलो तर मला जागाच वळखू येईना. काळी रेघ कुठंच न्हाई, समदा कडा पांढरा, वरनं पाण्याचा आख्खा डोंगरच खाली येतोय. मी पायऱ्या चढून माघारी गेले आन् तिकीटवाल्याला म्हणलं, बाबा, ह्यो दुसरा कुठलातरी दावला तुमी, आमचा दावा, काळी रेघवाला. तो म्हणला, मावशी, इथं येवढा एकच हाय. परत खाली आले आन् बघत उभी राहिले. तवा मला समजलं की ती रेघ काळी कशानं झाली व्हती. इतक्या येळा तिच्याखाली जेवले, आन् ती कुणी वढली हे मला ठावं न्हवतं.

धोंडा पाण्याखाली, आन् पल्याड म्हाळू. तो जुन्या मेंढरांच्या वाटंनं आला व्हता चालत, म्हणून पल्याडच्या अंगाला निघाला. तांबडा पटका दिसला धुक्यात, घोंगडी पांघरलेला, काठी टेकून उभा. मी हात केला, हाक मारली, पण त्या आवाजात काय जातंय. मधी नदी फुटल्यावानी पाणी. माझ्या हातात ओवाळणीचं ताट, त्यावर पदर. मला रडू आलं ताई. म्हणलं येवढी अक्कल चालवली, आन् पाण्यानंच पाणी फिरवलं.

तर मालक काय करत्यात, प्यांट गुडघ्यापतोर वर घेतली आन् म्हणत्यात, आगं ही वाट माझ्या पायाखालची हाय, धोंडा इथंच हाय, चार पावलं टाकली की त्यावर. मी धरतीय, रेखा धरतीय, ऐकत्यात कुठं, पाय उचललाच. आन् तवा पल्याडनं शीळ आली. बारीक, दोनदा तोडलेली. ताई, मेंढरं राखणाऱ्याची शीळ माणसाच्या आवाजासारखी न्हाई, ती पाण्याच्या आवाजातनं बी आरपार येती. आन् त्या शिळंचा अर्थ एकच, थांब, पुढं पाय टाकू नगं. आमच्यात ही शीळ आली की कुणी घातली, का घातली, इचारायचं नसतं, मेंढरूबी थांबतं आन् माणूसबी थांबतो. मालक उचलल्या पायानं तसंच उभं. मागनं सांगायचं, मी न्हाई थांबलो, पाय थांबला. पल्याड म्हाळूनं त्याची काठी पाण्यात खुपसून दावली, समदी काठी गेली, मूठच तेवढी वर.

मंग म्हाळूनं दुसरी शीळ घातली, लांब, खाली उतरत जाणारी, म्हंजी खालच्या अंगानं चला, उतार हुडकू, पाय टेकंल अशी उथळ जागा. आन् आमच्या मालकानं दोन बोटं तोंडात घातली आन् उलट शीळ दिली. कंपनीत गळ्यात पितळी शिट्टी घालणारा माणूस, पण बोटं इसरली न्हवती. ते दोगं दोनी काठांनी खाली चालाय लागलं, ह्यो शीळ घालतोय, तो उत्तर देतोय, मेंढरं पाण्यातनं पार करायची असल्यावानी उतार बघत, आन् मी ताट सांभाळत मागनं, रेखा छत्री धरून. बोलणार न्हाई म्हणलेली दोन माणसं बरं का ही.

वळणावर गेलो तर पुढं पूल. हिरव्या रंगाचा लोखंडी पूल, त्यावर पोरं फोटो काढत्यात. गेटावरच्या पाटीवर लिवलं व्हतं म्हणं पल्याड जायला पूल म्हणून, रेखानं वाचलंबी व्हतं, तर मालकच म्हणलं व्हतं, आमाला वाट सांगतीय व्हय ही पाटी. दोगं पुलाच्या दोनी टोकांना येऊन उभं राहिलं, आन् आधी म्हाळू हसला. मंग मालक. मालक रेलिंग धरून हसाय लागलं. जलमभर वाट काढणारी माणसं, आन् पूल दिसला न्हाई.

पुलाच्या मधोमध ओवाळलं मी. खालनं पाणी, वरनं पाऊस, तुषार तर इचारू नका, निरांजन पेटंना. म्हाळूनं घोंगडी काढली आन् डोक्यावर धरली, पण एकट्याच्यानं ती राहतीय का वाऱ्यात. तर मला म्हणतो, अक्का, दाजींना म्हणावं ते टोक धरा. मालक त्याच्या शेजारी उभं, पण मला म्हणत्यात, तुझ्या भावाला म्हणावं जरा हिकडं सरक. मी म्हणलं, म्हणते हो म्हणते, दोगांचंबी म्हणते, पण धरा एकदाची. एक टोक ह्यानं, एक टोक त्यानं, आन् मधी माझं निरांजन पेटलं. पुण्याच्या एका पोरीनं फोटो काढला आमचा, तो फोटो कुणाच्या घरात असंल द्येव जाणं.

मंग दरसाल सुरू झालं. भाऊबीज काळ्या धारंखाली, तिथी जमंल ती. श्रावणात गेलो, कार्तिकात गेलो, एकदा पौषात, तवा धार सुतासारखी, गर्दी न्हाई, माकडं तेवढी उन्हाला बसलेली, आन् धोंडा मोकळा. त्यावर बसून बाजरीची भाकर आन् ठेचा खाल्ला. मालक अन् म्हाळू हळूहळू सरळ बोलाय लागलं, मेंढराच्या रोगावर, कंपनीतल्या सायबावर, उसाच्या पाण्यावर. मालक पार्कात वॉचमनगिरीबी करायचं, पोरं कठड्यावर चढली की खाकी नसतानाबी दम द्यायचं, ए, नीचे उतरो, चलो. कंपनीत बिहारी पोरांबरोबर ऱ्हाऊन हिंदी शिकलं व्हतं, ती तिथं झाडून घ्यायचं. म्हाळू म्हणायचा, अक्का, दाजींना पगार चालू करा म्हणावं इथं.

एका वैशाखात गेलो तर तिकीटवाला म्हणला, मावशी, आता काय बघायला न्हाई, पाणी न्हाई, कशाला येवढ्या उन्हात आलाय. मी म्हणलं, बाबा, आमी कोरडाच बघाय आलोय, भरल्याला तुझी पुण्याची लोकं हायेत. त्यानं आमाला तिकीटबी मागितलं न्हाई. काळी रेघ तशीच व्हती, तापलेली. मी तिला हात लावला. आता मला ठावं व्हतं पाऊस आला की तिथं काय व्हतं, म्हणून ती कोरडीबी मला बरी वाटली.

पण आण ती आणच. म्हाळूनं हळूहळू मेंढरं कमी केली, त्याचा पोरगा रांजणगावला कंपनीत लागला, मंग त्याला दाजींचं इकणं समजलं, तसं त्यानं बोलूनबी दावलं. पण आमच्या घरी ये म्हणलं की मान खाली. म्हणायचा, अक्का, राग कवाच गेला, पण बिरोबाचं नाव घेतलंय, ते माझ्या हातात न्हाई. आन् मीबी जोर केला न्हाई, द्येवाचं नाव काय खेळायचं हाय का.

मंग आमच्या रेखाचं लगीन ठरलं. पोरगी शिकली, बारावी झाली, दौंडच्या एका चांगल्या घरात दिली. लगीन वैशाखात. आता मांडवात नवरी कोण आणणार. आमच्यात मामानं घरात जायाचं, देवापुढं बसलेल्या नवरीचा हात धरायचा आन् तिला उंबऱ्याबाहीर मांडवात आणायची. मामा नसला तर दुसरा कुणी उभा करत्यात, पण तो मामा न्हवं. माघात आमी काळ्या धारंखाली गेलो तवा मी म्हाळूला म्हणलं, पोरगी तुझ्या हाताखालनं जायाची हाय. तर तो धोंड्यावर बसून ल्हान पोरागत रडला. म्हणला, अक्का, मी मांडवात येतो, पंगतीत वाढतो, पाव्हण्यांचे पाय धुतो, पण उंबरा वलांडू शकत न्हाई. माझं काय व्हायचं ते होऊ दे, पण पोरीच्या लग्नात द्येवाची आण मोडली आन् ते पोरीला भवलं तर मी काय करू. मालक पल्याड बसून डबक्यात खडं मारत व्हतं, समदं ऐकूनबी. मला लई राग आला त्यांचा. म्हणलं ह्या माणसाला काय पडलीच न्हाई.

तवा आमचं घराचं काम चालू व्हतं, पत्र्याची खोली पाडून इटांचं, वर स्लॅब. घाटातनं आलो आन् दोन दिसांनी गवंडी दाराची चौकट बसवायला आला, तर मालक म्हणलं, उंबरा नगं. गवंडी म्हणला, आबा, मोरीच्या दाराचं सांगताय का. मालक म्हणलं, म्होरल्या दाराचं. गवंडी हसाय लागला, उंबऱ्याबिगर घर म्हंजी काय, धूळ येईल, इच्चूकाटा येईल, लक्ष्मी कुठं उभी राहील. मालक म्हणलं, उभी कशाला ऱ्हातीय, सरळ आत येऊ दे की. मी तर भांडले. म्हणलं लग्नाचं घर, मी हळदीकुंकू कशावर वाहू, लोकं तोंडात श्याण घालतील. तर म्हणत्यात, झाडायला बरं पडतं. बास, येवढंच. भाईर वट्यावर जी फरशी तीच आत, मधी बोटभरसुदिक उंचवटा ठेवू दिला न्हाई, गवंड्याच्या उरावर बसून करून घेतलं. भावकीतली माणसं येऊन बघून जायची, म्हाताऱ्याला कंपनीत काय हवा लागली का म्हणायची.

लग्नाचा दिवस आला. म्हाळू पहाटंच आला, समदं घरदार घिऊन, आन् आल्या आल्या कामाला लागला, पण मांडवाच्या खांबापाशीच. अक्षता जवळ आल्या, भटजी वरडाय लागलं, मामा कुठं हाय, मामानं नवरी आणा. समदी बघाय लागली. आमच्या चुलत दिराला उभा करायचं ठरलं व्हतं, तो पुढं निघाला तर मालकानं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला थांबवलं, आन् दोन बोटं तोंडात घातली. त्या येवढ्या मांडवात, वाजप्यांच्या आवाजात, शीळ घातली. लांब, एका दमाची. ही शीळ म्हंजी वाट मोकळी हाय, घिऊन ये.

म्हाळू चरकला. पटका सारखा करत दारापतोर आला, आन् खाली बघितलं. बाहीरची फरशी, आतली फरशी, एकच. हिकडं बघतोय, तिकडं बघतोय. म्हणला, दाजी, उंबरा कुठं हाय. मालक मांडवाची दोरी आवळत व्हतं, चांगली आवळलेली दोरी, ती परत आवळत व्हतं. वर न बघताच म्हणलं, बसवलाच न्हाई, म्हातारपणी ठेच लागती.

मी देवघराच्या दाराशी रेखाजवळ उभी. तवा मला समजलं ताई. दोन-तीन महिने त्या माणसाशी भांडले मी, आन् त्यानं तोंडातनं अक्षर काढलं न्हाई. म्हाळू दारात वाकला, जिथं उंबरा असतो तिथं हात टेकवून कपाळाला लावला, आन् सरळ चालत आत आला. रेखाचा हात धरला आन् तिला मांडवात घिऊन गेला. आन् बाहीर गेल्यावर आमचं मालक न् म्हाळू येकमेकांच्या गळ्यात पडलं असतील असं तुमाला वाटत असंल, तसलं काय न्हाई. मालक म्हणलं, चल, भात कमी पडंल असं वाटतंय, बघ जरा. तो म्हणला, बघतो. मी मातर रडून घेतलं, आडोशाला न्हाई, समद्यांच्या देखत.

आता रेखाची पोरं साळंत जात्यात. मालक रिटायर झालं, म्हाळूकडं मोजून चार मेंढरं हायेत, तेबी करमत न्हाई म्हणून. त्यातली एक तांबड्या तोंडाची माझ्या दारात आणून बांधलीय त्यानं, रेखाच्या पहिल्या बाळंतपणाला आला तवा. आमी अजून काळ्या धारंला जातो, मालकच निमोण्याला जाऊन म्हाळूला उठवत्यात आन् जीप ठरवत्यात. पार्कात आता लई गर्दी असती, आन् तिकीटवाला दुसरा आलाय, त्याला आमी ठावं न्हाई. धोंडा मोकळा असला की मी त्यावर हळदकुंकू वाहते. पुण्याची लोकं इचारत्यात, आजी, कुठला द्येव हाय ह्यो. मी म्हणते, आमचा उंबरा हाय.

झालं ताई, येवढंच हाय माझं. लिवा तुमाला लिवायचं तसं. चहा घेतल्याबिगर जायाचं न्हाई, ह्या घरात आता चहा उरत न्हाई. आन् तुमी घर बांधाल तवा उंबरा खुशाल बसवा, मी नगं म्हणत न्हाई, पण भावाचा पाय अडंल येवढा उंच नगं. सुखी ऱ्हावा. जाताना खाली बघत जाऊ नका, ठेच लागायला हितं काय न्हाई.